चाकांवरचं गळकं बिऱ्हाड

खिडकीखालच्या कोपऱ्यात मी स्क्रू-ड्रायव्हर जरासा टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. मागोमाग वास आला. राजापूरजवळच्या आमच्या घरात श्रावणात माळ्यावर जो ओल्या लाकडाचा वास कोंडून राहायचा, तोच.

हे ओहायोत, कोलंबसच्या बाहेर, एका शेताच्या कडेला. समोर उभा होता १९६० च्या दशकातला १३ फुटी ट्रेलर, गाडीमागे जोडून न्यायची एक खोलीच. झोपायला दोन बाकडी, दोन शेगड्या, एक छोटी मोरी. बाजूने पाहिला तर हॅमच्या डब्यासारखा गोलसर, म्हणून इथे या जातीला ‘कॅन्ड हॅम’ असंच म्हणतात. ८०० डॉलरला मी तो घेतला. तोवर मी हातात करवत धरलेली नव्हती.

आधी मला वाटलं, आतलं कुजलेलं प्लायवुड काढावं, नवं लावावं, रंग द्यावा. बरेच नवखे असंच करतात आणि दोन पावसांत नवं प्लायही काळं पडतं. हे ट्रेलर बांधतात कसे ते कळल्यावर माझा बेत बदलला. आधी लोखंडी सांगाड्यावर जमीन, मग आतली कपाटं, मग पातळ लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर प्लाय ठोकलेल्या भिंती, त्यात वायरी आणि काचलोकर, आणि सगळ्यात शेवटी वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. म्हणजे शेवटी जे लागलं ते आधी उतरवायचं. पत्रा काढून भिंतीकडे बाहेरून जायचं.

कोपऱ्यांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काढल्या तेव्हा निम्मे स्क्रू गंजून तुटले. पट्टीखालची पुटी विटकरीसारखी कडक झाली होती. पत्रा उन्हात पसरतो, थंडीत आकसतो. ताजी पुटी त्याच्याबरोबर हलते, वाळलेली तडकते. त्या फटीत पाणी शिरतं, इथल्या हिवाळ्यात त्याचं बर्फ होतं आणि फट आणखी उसवते. आत काचलोकर ते पाणी धरून ठेवते, दोन्हीकडून भिंत बंद, वारा नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. साठ वर्षांची लाकडी पट्टीसुद्धा, कोरडी राहिलेली, मला तिथे खणखणीत सापडली.

गावी मे महिन्यात बाबा कौलं चाळायला चढायचे, तेव्हा खाली जिथे डाग दिसे त्याच्या बरोबर वरचं कौल ते उचलत नसत. चार हात वर सरकून बघत. मीही तसंच केलं. खिडकीखालची कूज खिडकीतून आलीच नव्हती. छताच्या कडेला छोटा तांबडा दिवा होता, त्याच्या बुडातून पाणी एका पट्टीवरून ओघळत खाली आलं होतं.

पहिल्या दिवशी मी एक चूक केली, ती आजही सलते. पुढच्या डाव्या बाजूची वळणदार फळी हातात भुगा झाली आणि मी ती कचऱ्यात टाकली. त्या वळणाचं माप दुसरीकडे कुठेच नव्हतं. शेवटी उजवी फळी उलटी ठेवून डावी कापली, दोन आठवडे गेले. त्यानंतर कुजकी काडीसुद्धा मी पुठ्ठ्यावर मांडली, भोवती पेन्सिल फिरवली, नंबर घातला, फोटो काढला. नव्या तुकड्याचा नमुना म्हणजे तो कुजका तुकडाच.

लाकूड घेताना मी रसायन मुरवलेलं, न कुजणारं घ्यायला निघाले होते. शेजारच्या निवृत्त सुतारकाकांनी अडवलं. हल्लीच्या तसल्या लाकडात बहुधा तांबं असतं आणि ओल लागली की ते ॲल्युमिनियम खातं. मग साधं पाइन आणलं. जाड लाकडाचा मोहही टाळला, कारण वाढलेलं वजन गाडीलाच ओढावं लागतं. गॅसची नळी मात्र जाणकाराकडूनच तपासून घेतली.

सांध्यांत ब्यूटिलची टेप घातली. ती वर्षानुवर्षं मऊ राहते. आधी कुणीतरी जागोजाग सिलिकॉन फासलं होतं, ते खरवडण्यातच तीन शनिवार गेले. त्याचा अंश उरला तरी त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही.

जूनमध्ये पत्रा चढला, पण आतली कपाटं मी मुद्दाम बसवली नाहीत. मुलगी टॉर्च घेऊन आत बसली, मी बाहेर पाण्याची नळी धरली. सुरुवात खालून, मग एकेक सांधा वर. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि कुठला सांधा गळतो ते कळत नाही. दार झालं, खिडक्या झाल्या. छतावरच्या झरोक्यापाशी पोचले आणि आतून हाक आली, ‘‘आई, थांब. एक थेंब.’’

नळी बंद केली. झरोक्याचे १६ स्क्रू पुन्हा काढले.