दहा अक्षरांची मुभा

भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये नव्वदच्या दशकातलं फानुक कंट्रोलचं व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन, अजून पाळ्यापाळ्यांनी चालतं. त्याच्या मेमरीचं माप मीटरमध्ये आहे: ८० मीटर. म्हणजे तेवढ्या लांबीची भोकं पाडलेली कागदी फीत. आजच्या हिशेबात ३२ केबी. अशी फीत इथल्या एकाही ऑपरेटरने पाहिलेली नाही. कंट्रोलर मात्र प्रोग्राम घेताना पलीकडे फितीचं यंत्रच आहे असं धरून चालतो आणि ‘सोड’, ‘थांब’ असे हुकूम देतो.

इतकी वर्षं पलीकडे ट्रॉलीवरचा लॅपटॉप असे. कारण ऑफिस वरच्या मजल्यावर, आणि आरएस-२३२ च्या केबलचा भरवसा साधारण १५ मीटरपर्यंतच. आता लॅपटॉपच्या जागी तळहाताएवढी डबी येणार होती: सीरियल डिव्हाइस सर्व्हर. एका अंगाला सीरियल पोर्ट, दुसऱ्या अंगाला इथरनेट. असली डबी लावली की जुनं मशीन ‘स्मार्ट’ होतं, असं विकणारे सांगतात. मशिनला त्यातलं काही कळत नाही. त्याचा गैरसमज मोडू न देणं, हेच डबीचं काम.

ती बसवायला आलेले सर्व्हिसवाले काका पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी आधी पंचवीस पिनांचा कनेक्टर सोल्डर केला: दोन-तीनची अदलाबदल, सातवर ग्राउंड, चार-पाच एकत्र, सहा-आठ-वीस एकत्र. कुलंटच्या आंबूस वासात राळेचा धूर मिसळला. डबीला आयपी दिला. वरच्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर टाकला, तसं तिथे एक खोटं कॉम पोर्ट उगवलं. मशिनला प्रोग्राम पाठवणाऱ्या जुन्या डीएनसी सॉफ्टवेअरला तेवढं पुरतं. मग ४८०० बॉड, सात बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट.

प्रोग्राम सोडला आणि स्क्रीनवर अलार्म आला: ०८७, बफर ओव्हरफ्लो.

“दहा अक्षरांचीच मुभा असते, साहेब,” काका शॉपच्या मालकांना म्हणाले. कंट्रोलरने ‘थांब’ म्हटल्यावरही आणखी दहा अक्षरं येऊन गेली, तर तो पुढचं घेत नाही, अलार्म देतो. या वेगाला सेकंदाला सव्वाचारशेच्या आसपास अक्षरं जातात. म्हणजे दहा अक्षरं सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतात. ‘थांब’ हा निरोप डबीतून, स्विचमधून, वर विंडोजपर्यंत पोहोचून तिथून अंमल व्हायचा, तोवर डबीतली साठलेली अक्षरं मशिनच्या गळी उतरलेली असतात. नेटवर्कचा १०० मेगाबिटचा वेग इथे कुचकामी.

काकांनी ‘थांब’ ऐकायची जबाबदारी कॉम्प्युटरकडून काढून डबीकडे दिली. शिवाय डबीच्या पोर्टची फायफो बंद केली, कारण त्या छोट्या साठ्यातही दहाहून जास्त अक्षरं मावतात. पुन्हा प्रोग्राम सोडला. ड्रिप फीडवर, म्हणजे मेमरीत न मावणारा प्रोग्राम थोडाथोडा पाठवत, साच्याचं लांबलचक काम सुरू झालं आणि टूल अडखळला नाही. माहितीपत्रकात ही दहा अक्षरं ठळक टाइपात छापायला हवीत. तिथे छापतात ते मेगाबिट.

मालकांना आता घरूनही मशीन बघायचं होतं. “राउटरमधून पोर्ट उघडून द्या ना, काका.” काकांनी साफ नकार दिला, आणि तो रास्तच होता. सीरियल पोर्टला पासवर्ड ठाऊक नाही; तारेवर जो बोलेल तो मालक. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वीजजाळ्यावर हल्ला झाला, तेव्हा सबस्टेशनांतल्या सीरियल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअरच हल्लेखोरांनी पुसून टाकलं होतं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. वीज काही तासांत आली, पण कन्व्हर्टर निकामी झाल्याने त्या सबस्टेशनांत माणसं पाठवून हाताने स्विच चालवावे लागले.

शेवटी डबीसाठी वेगळा स्विच आला, इंटरनेटची तार त्याला जोडली गेली नाही. मालकांचं तोंड जरा उतरलं. काका शेजारच्या लेथकडे वळले. त्याचा कनेक्टर नऊ पिनांचा निघाला.