तोळ्याच्या हिशेबात न बसणारं घड्याळ

स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ला लागू झाला आणि स्विस घड्याळं किती स्वस्त होणार याची गणितं घरोघरी मांडली गेली. आयात शुल्क टप्प्याटप्प्यानेच उतरणार आहे. तोवर, हौशी संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात त्या टायटॅनियमच्या डाइव्ह वॉचमध्ये, म्हणजे पाणबुड्यांच्या घड्याळात, एवढं काय आहे, ते समजून घेऊ.

मुंबईतल्या एका दुकानात विक्रेत्याने माझ्या दोन्ही तळहातांवर एकेक घड्याळ ठेवलं. “ताई, डोळे मिटा आणि सांगा, महाग कुठलं?” मी जड वाटलं तो हात पुढे केला. ते स्टीलचं निघालं. दुसऱ्या हातातलं हलकं, करड्या रंगाचं, चमक नसलेलं घड्याळ टायटॅनियमचं होतं आणि महागही तेच. आपण तोळ्यावर जोखणारी माणसं. जड ते अस्सल, हे आपल्या बोटांत मुरलेलं असतं. हे घड्याळ त्या बोटांना नव्याने शिकवतं.

एक घन सेंटिमीटर स्टील भरतं सुमारे ८ ग्रॅम, टायटॅनियम साडेचार. खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही. निकेलमुळे ज्यांच्या मनगटाला खाज सुटते, त्यांनाही ते चालतं. थंडीत सकाळी हातात घातलं तरी स्टीलसारखा गार चटका बसत नाही. खनिज म्हणाल तर मुबलक. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट हे त्याचं खनिज आहे. महाग आहे ती मेहनत. वाळूतून धातू सोडवणं कष्टाचं, घडवणं त्याहून. कापताना उष्णता हत्याराच्या धारेपाशीच साचते, धार लवकर मरते आणि बारीक कीस पेटही घेऊ शकतो.

पण माझ्या मते या घड्याळाची खरी गोष्ट स्वित्झर्लंडच्या आधी जपानमध्ये सुरू होते. १९६८ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातून एका पाणबुड्याने सेइको कंपनीला पत्र लिहिलं. खोल समुद्रात काम करताना टिकेल असं घड्याळ त्याला मिळत नव्हतं. इकुओ तोकुनागा या अभियंत्याने ते मनावर घेतलं.

अडचण पाण्याच्या दाबापुरती नव्हती. फार खोल काम करणारे पाणबुडे दिवसेंदिवस दाबाच्या बंद खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेली हवा घेतात. हेलियमचे अतिसूक्ष्म अणू घड्याळात झिरपतात. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, आत कोंडलेला वायू फुगतो आणि काच उडते. स्विस कंपन्यांनी वायू बाहेर सोडणारी झडप बसवली. तोकुनागांनी त्याला आत शिरूच द्यायचं नाही असं ठरवलं. चोरासाठी मागचं दार उघडं ठेवण्यापेक्षा पुढचंच दार घट्ट लावावं, तसं. काचेखाली एल आकाराचं रबरी सील, एकसंध टायटॅनियमची केस आणि तिच्याभोवती धक्के झेलणारं कवच. सात वर्षं खपून १९७५ साली घड्याळ बाजारात आलं: ६०० मीटर खोलीसाठीचं, टायटॅनियमचं जगातलं पहिलं डाइव्ह वॉच.

त्याचा पट्टा तर नीट बघण्यासारखा. खोल पाण्यात पाणबुड्याचा रबरी पोशाख दाबला जाऊन पातळ होतो आणि मनगटावरचा पट्टा सैल पडतो. म्हणून सेइकोने पट्ट्याला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या घातल्या. मनगट जाड असो वा बारीक, पट्टा आपोआप जुळवून घेतो.

मग १९८२ साली आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने पोर्शे डिझाइनबरोबर टायटॅनियमचं २००० मीटरचं ‘ओशन’ आणलं. त्याच घराण्यातली, चुंबकत्व टाळणारी घड्याळं जर्मन नौदलाच्या सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांसाठी बनली. २०१२ साली ट्यूडरचं ‘पेलागोस’ आलं, तर रोलेक्सने २०२२मध्ये ११,००० मीटरचं ‘डीपसी चॅलेंज’ टायटॅनियममध्ये काढलं.

संग्राहक भुलतो तो या वंशावळीला, आणि भुलावंच. त्यातला प्रत्येक बारकावा कुणाच्या तरी कामातली अडचण सोडवून आलेला आहे. म्हणूनच भाव चढेल या आशेने असं घड्याळ लॉकरमध्ये कोंडून ठेवणं मला पटत नाही. त्यावर ओरखडे पडायला हवेत, समुद्राचं मीठ लागायला हवं.

दुकानात गेलात तर किंमत विचारण्याआधी पेलागोसच्या टायटॅनियम पट्ट्याचं बक्कल हातात घेऊन ओढून पाहा. आतल्या स्प्रिंगने ते जरासं लांबतं आणि सोडलं की परत मिटतं. भात्याचंच काम, आता धातूत. कुरेच्या त्या पाणबुड्याचं गाऱ्हाणं अजून कुणीतरी ऐकतंय.