दहा महिने कमी पडले

बँकेत मी चौतीस वर्षे काढली. त्यांतली शेवटची काही वर्षे पेन्शनच्या टेबलाशी. नोव्हेंबर उजाडला, की हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या मंडळींची रांग लागे. त्या रांगेतला एखादा चेहरा पुढच्या वर्षी दिसत नसे. त्याऐवजी त्याची बायको येई. आम्ही मृत्यूचा दाखला घ्यायचो, कागदावरचा दोघांचा एकत्र फोटो पाहायचो, सही किंवा अंगठा घ्यायचो आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करून द्यायचो. ‘बाई, नवरा नोकरी करत होता त्या गावात तुम्ही एकूण किती महिने राहिलात?’ असे विचारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. विचारले असते, तर रांगेनेच मला टेबलामागून बाहेर ओढले असते.

म्हणूनच गेल्या वर्षी आमच्या सांगलीच्या सोसायटीतल्या वहिनी पिशवीभर कागद घेऊन आल्या, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “वहिनी, हे तर हक्काचे पैसे. फार तर महिन्याभराचं काम.”

त्यांचे यजमान 2023 मध्ये गेले. 1998 ते 2010 अशी बारा वर्षे त्यांनी अमेरिकेत, न्यू जर्सीत नोकरी केली होती. तिथे प्रत्येक पगारातून 6.2 टक्के रक्कम सोशल सिक्युरिटीसाठी कापली जाते आणि मालकही तेवढीच भर घालतो. वर्षाला जास्तीत जास्त चार ‘क्रेडिट’ मिळतात; अशी चाळीस झाली, म्हणजे साधारण दहा वर्षे भरली, की माणूस निवृत्तिवेतनाला पात्र होतो. तो गेला, तर विधवेला किंवा विधुराला साठाव्या वर्षापासून कमी दराने ही रक्कम घेता येते. वहिनींचे वय एकसष्ट. यजमानांची चाळीस क्रेडिट केव्हाच भरलेली. लग्नाला चौतीस वर्षे झालेली. मला अडचण दिसेना.

अडचण पुढच्या पानावर होती. पुतण्याने मला नियम छापून आणून दिले होते. ते मी जुन्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. अमेरिकेचा नागरिक नसलेला माणूस सलग सहा महिने त्या देशाबाहेर राहिला, की त्याचे पैसे थांबतात. याला अपवाद आहेत, आणि भारतीय नागरिकांसाठीही एक आहे: ज्याच्या खात्यावरून पैसे मिळणार, त्याची चाळीस क्रेडिट भरलेली हवीत किंवा तो तिथे दहा वर्षे राहिलेला हवा. इथवर आम्ही पास होतो. पण मागे राहिलेल्या जोडीदारासाठी आणखी एक अट आहे. तिने स्वतः, त्याची पत्नी या नात्याने, अमेरिकेत एकूण किमान पाच वर्षे वास्तव्य केलेले असले पाहिजे.

1983 मध्ये तिथला कायदा बदलला, त्यात ही अट आली. 1984 संपल्यानंतर जे पात्र झाले, त्यांना ती लागू आहे. त्या काळी तिथे ओरड अशी होती, की उतारवयात परदेशी जाऊन लग्न करणाऱ्यांच्या, अमेरिका कधी न पाहिलेल्या कुटुंबांना पैसे जातात. ओरड अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. बँकेत असताना असले चतुर नवरे मीही पाहिले आहेत. पण चोरासाठी लावलेल्या कुलपात घरचाच माणूस अडकावा, तसे इथे झाले.

आम्ही वहिनींचे जुने पासपोर्ट उघडले. फेब्रुवारी 1999 मध्ये गेल्याचा शिक्का. 2000 मध्ये तिथेच मुलगी झाली. एप्रिल 2003 मध्ये परत आल्याचा शिक्का. म्हणजे पन्नास महिने. पुढे दोनदा उन्हाळ्यात त्या तिकडे जाऊन आल्या, पण पाहुण्या म्हणून. घर इथे, मुलीची शाळा इथे; ते वास्तव्यात धरता येत नाही. साठातून पन्नास गेले. दहा महिने कमी.

“एप्रिलमध्ये परत का आलात?” मी विचारले. विचारता क्षणीच जीभ चावली, कारण उत्तर मला ठाऊक होते. सगळ्या सोसायटीला ठाऊक होते.

“सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला नव्हता का,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांची नोकरी सुटण्यासारखी नव्हती. कोणीतरी यायलाच हवं होतं.” मग पासपोर्ट मिटत म्हणाल्या, “भाऊजी, त्या दहा महिन्यांत मी त्यांना भरवत होते. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?”

कर्जाच्या अर्जापासून लॉकरच्या करारापर्यंत नाना तऱ्हेचे रकाने मी भरून घेतले आहेत. हा रकाना मला कुठेच आठवला नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. अमेरिकेचे काही देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. याच वहिनी जपानमध्ये राहत असत्या, तर त्या करारामुळे पाच वर्षांचा प्रश्न उद्भवला नसता. भारताचेही असे करार आहेत. बेल्जियमशी केलेला 2009 मध्ये अमलात आला, पुढे जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, जपान यांच्याशी झाले. अमेरिकेशी मात्र वर्षानुवर्षे बोलणी होऊनही करार झालेला नाही. आपण या कराराची चर्चा करतो ती कंपन्यांच्या दुहेरी कपातीच्या भाषेत. सांगलीतली एक बाई त्यात कुठे बसते, हे कोणी बोलत नाही.

मी नियम पुन्हा वाचले. बँकेतला माणूस सहजी हार मानत नाही. पाच वर्षे ‘एकूण’ हवीत, सलग नव्हेत. आणि विधवा म्हणून तिथे राहिलेला काळही त्यात धरला जातो! मुलगी जन्माने अमेरिकन; एकवीस वर्षे पूर्ण झालेली असल्याने आईसाठी कायम वास्तव्याचा अर्ज ती करू शकते. तो मंजूर होऊन वहिनी दहा महिने तिथे घर करून राहिल्या, तर साठ महिने भरतात. मग परत आल्यावरही पैसे चालू राहू शकतात. अर्थात सगळे हाती पडणार नाहीत. परदेशात राहणाऱ्या परकीय नागरिकाच्या शंभर डॉलरांतून सर्वसाधारणपणे साडेपंचवीस डॉलर कर आधीच कापला जातो. शिवाय तिकडून चौकशीचा फॉर्म येतो. तो भरून पाठवला नाही, तर पैसे थांबतात. म्हणजे आमचा हयातीचा दाखलाच, फक्त इंग्रजी कोट घातलेला.

तिकडे नोकरी करणाऱ्या आणि परतीचे बेत आखणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे. आपली क्रेडिट तुम्ही मोजता. बायकोचे महिनेही मोजा. जुने पासपोर्ट, घरभाड्याचे करार, कराची विवरणपत्रे, मुलांच्या शाळेचे कागद टाकून देऊ नका. आईच्या आजारपणासाठी कोणी परत यायचे, हे घराघरांत बहुधा न बोलताच ठरते. त्याची किंमत काय, ती कोण मोजणार, एवढे तरी बोलून घ्या.

वहिनींना मी दहा महिन्यांचा मार्ग सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एकदा ते सोडून आले ते दुसऱ्यासाठी. आता परत जायचं ते पैशासाठी. बघते.”

अजून त्यांनी काही ठरवलेले नाही. मुदत संपलेला पासपोर्ट मात्र गेल्या आठवड्यात नूतनीकरणाला टाकला आहे. फॉर्म मीच भरून दिला.