एक न उलगडलेली कादंबरी आणि तिचे वाचक



वाङ्मयाच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने विज्ञान कादंबरीबद्दल बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माझा विषय कादंबरीपेक्षा तिच्या वाचकांचा आहे. आणि न संपणारी हकीकत ऐकत बसणं हा माझा गेल्या पस्तीस वर्षांचा व्यवसाय आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

पुस्तकाचं नाव ‘द वर्ल्ड ऑफ नल-ए’. लेखक ए. ई. व्हॅन व्होग्ट, जन्म १९१२, मूळचे कॅनडातले, पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झालेले. ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकात १९४५ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन अंकांत ही कादंबरी क्रमशः आली. म्हणजे पहिल्या भागाच्या अंकावर जो महिना होता, त्याच महिन्यात हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले. पुस्तकरूपाने ती १९४८ साली निघाली.

कथा सहा शतकं पुढची. गिल्बर्ट गोसेन नावाचा माणूस एका महायंत्राची परीक्षा द्यायला शहरात येतो. या परीक्षेत उत्तम उतरणाऱ्यांना शुक्रावर राहायला मिळतं. तिथे पोलीस नाहीत, राज्यकर्ते नाहीत, सगळे शहाणे. पण पहिल्याच दिवशी खोटं पकडणारं यंत्र सांगतं, की तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस. त्याचं गाव, त्याची मेलेली बायको, सगळी आठवण कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलेली. थोड्याच पानांत तो मारला जातो आणि शुक्रावर जागा होतो. देह दुसरा, आठवणी त्याच. पुढे कळतं की त्याच्या डोक्यात एक जादा मेंदू आहे आणि त्याच्या बळावर तो इथून अदृश्य होऊन तिथे प्रकट होऊ शकतो.

यालाच टेलिपोर्टेशन म्हणतात. हा शब्द १९३१ साली चार्ल्स फोर्ट या अमेरिकन लेखकाने घडवला. व्हॅन व्होग्टची युक्ती अशी : दोन ठिकाणच्या ऊर्जेची स्थिती वीस दशांश स्थळांपर्यंत सारखी झाली, की मधलं अंतर उरतच नाही. म्हणून नायक आधी एखादी जागा बारकाईने ‘पाठ’ करतो आणि मग तिथे जातो. ही कल्पनाच. प्रत्यक्ष विज्ञानात १९९३ साली क्वांटम टेलिपोर्टेशनचा सिद्धांत मांडला गेला आणि १९९७ साली तो प्रयोगाने दाखवला गेला. पण तिथे वस्तू जात नाही, कणाची अवस्था जाते. ती पलीकडे उभी राहते तेव्हा अलीकडची मूळ अवस्था मोडलेली असते. शिवाय साधा निरोपही सोबत पाठवावा लागतो, त्यामुळे प्रकाशाहून वेगाने काही होत नाही. एकच अवस्था दोन्हीकडे राहू शकत नाही, एवढा भाग मात्र कादंबरीकाराच्या प्रश्नाजवळचा आहे : तिथे जो उठला, तो मीच का?

नावातला ‘ए’ म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल. ‘नल-ए’ म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कापलीकडचं. ही कल्पना लेखकाने आल्फ्रेड कोर्झिब्स्की या पोलिश विचारवंताकडून घेतली. कोर्झिब्स्कीचा ‘सायन्स अँड सॅनिटी’ हा सुमारे ८०० पानांचा ग्रंथ १९३३ साली आला. त्यातलं सूत्र प्रसिद्ध आहे : नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे. वस्तू आहे किंवा नाही, खरी किंवा खोटी, अशा दोनच खणांत जग मावत नाही, असं तो सांगतो.

आता वाचकांकडे येऊ. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही दशकातून एखादीच होणारी अभिजात कृती असल्याचं संपादकीयातून सांगितलं. बरेच वाचक भारावले, बरेच बुचकळ्यात पडले. आणि त्याच वर्षी डेमन नाइट या अवघ्या तेविशीतल्या तरुणाने एका हौशी नियतकालिकात तिच्या चिंधड्या उडवल्या. त्याने चार बाजूंनी मोजमाप घेतलं : कथानक, पात्रं, पार्श्वभूमी, भाषा. धागे अर्धवट सुटतात. माणसं अमुक का वागतात ते कळत नाही. सहाशे वर्षं पुढचं जग फारसं पुढे गेलेलं दिसत नाही. वाक्यरचना ओबडधोबड. मोठ्यांसाठी म्हणून छापल्या गेलेल्या विज्ञानकथांतली ही अगदी वाईटांपैकी एक, असा त्याचा निकाल. तो लेख आजही वाचला जातो, आणि त्यातली बहुतेक निरीक्षणं मला पटतात.

तरी पुस्तक मेलं नाही. १९५३ साली बोरिस व्हियान या नावाजलेल्या फ्रेंच लेखकाने ते फ्रेंचमध्ये नेलं आणि तिथे त्याला मोठा वाचकवर्ग मिळाला. फिलिप के. डिक याला तर त्यातला विस्कळीतपणाच आवडला. नाइट कथेकडे इमारत तपासणाऱ्या निरीक्षकासारखा पाहतो, जग स्वतःच असं न जुळणारं आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. १९७० साली व्हॅन व्होग्टने कादंबरी सुधारून पुन्हा काढली आणि प्रस्तावनेत नाइटच्या टीकेची दखल घेतली. पंचवीस वर्षांनी! टीका किती खोल गेली होती ते यावरून कळावं.

पुढे नाइटला समजलं, की हा लेखक रात्री दर दीड तासाने स्वतःला उठवायचा आणि अडलेल्या कथेची वाट स्वप्नातून शोधायचा. तेव्हा नाइटने लिहिलं, की या कथांना स्वप्नाची संगती असेल आणि ती वाचकाला भिडत असेल, तर नेहमीच्या संगतीने त्यांना झोडपण्यात अर्थ नाही. आपले आक्षेप त्याने मागे घेतले नाहीत. ते कुठे लागू पडतात, तेवढं स्पष्ट केलं.

आता माझी स्वतःची प्रतिक्रिया. कॉलेजात असताना पुण्याच्या फुटपाथवर ही कादंबरी मला मिळाली, पाठपुठ्ठा फाटलेली. शंभरेक पानं वाचली आणि ठेवून दिली. पुस्तक काही जाड नाही, तरी मला ते न संपणारं वाटलं. पुस्तकाची लांबी पानांवर ठरत नाही. प्रश्नांची उत्तरं लांबत गेली, की शंभर पानंही पाचशे वाटतात. त्यात आमची विज्ञानकथेची गोडी जयंत नारळीकरांनी लावलेली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, तिथून मराठी वाचकाला सवय लागली ती शेवटी गाठ नीट सोडवणाऱ्या कथेची. त्या सवयीला हा गोंधळ म्हणजे फसवणूक वाटली. ‘हिंदू’ २०१० साली आली तेव्हा ‘फार पाल्हाळ’ म्हणून ती मिटून ठेवणारे आणि तीच दोनदा वाचणारे, दोन्ही प्रकार आपल्याकडे होतेच की.

पुस्तक माझ्याकडे परत आलं ते एका पेशंटमुळे. दवाखाना सुरू करून सात-आठ वर्षं झाली होती. एक निवृत्त शिक्षक यायचे. त्यांचं बोलणं म्हणजे सुरुवात मुलाच्या नोकरीपासून, मग शेतातली विहीर, मग जेवण, मग झोप. एका संध्याकाळी बाहेर गर्दी होती. मी म्हणालो, “गुरुजी, मुद्द्याचं बोला.” ते गप्प झाले. अपचनाची तक्रार लिहून घेतली, औषध दिलं, ते गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने वेळेवर मोठ्या इस्पितळात पोचले आणि वाचले. महिन्याभराने भेटायला आले तेव्हा शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, जिना चढताना डावा हात भरून येतो, तेच सांगायचं होतं. विहिरीनंतर ते येणार होतं.”

विहिरीनंतर. त्या दिवशी मी त्यांचं ऐकून ताबडतोब हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायला हवं होतं. ही चूक माझी, आणि ती मी कधी लपवली नाही.

काही दिवसांनी कपाट आवरताना ती फाटकी कादंबरी हाती लागली. या वेळी शेवटपर्यंत वाचली. तिच्यातल्या शहाण्या माणसांना एकच महत्त्वाचं शिक्षण दिलेलं असतं : काही घडलं की लगेच प्रतिक्रिया द्यायची नाही, क्षणभर थांबायचं. भावना उसळते मेंदूच्या थॅलॅमस या खोल भागात, विचार होतो वरच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणून दोघांची गाठ पडू द्यायची, असं लेखक सांगतो. शरीरशास्त्र म्हणून ही मांडणी फारच सोपी केलेली आहे. पण थांबणं खरं आहे. जे पुस्तक थांबायला शिकवतं, त्यालाच मी शंभराव्या पानावर “मुद्द्याचं बोल” म्हणालो होतो.

आम्हा जैनांच्या घरात स्याद्वाद हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति, स्यात् अवक्तव्यम्. कोर्झिब्स्की आणि स्याद्वाद एकच, असं मी म्हणत नाही. दोघांचे हेतू वेगळे आहेत. पण स्याद्वादाचा अर्थ ‘सगळ्यांचंच बरोबर’ असा आपण सैलपणे घेतो, तो चुकीचा आहे. ‘स्यात्’ म्हणजे कोणत्या अपेक्षेने बोलता ते सांगा. रचनेच्या अपेक्षेने नाइट बरोबर. स्वप्नाच्या अपेक्षेने डिक बरोबर. आणि गोसेनचं मूळ रहस्य विचाराल, तर शेवटच्या पानावर तो एका मेलेल्या म्हाताऱ्याची दाढी करतो आणि खाली त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. याने प्रश्न सुटला की वाढला, हे मला तीन वाचनांनंतरही ठरवता येत नाही. अवक्तव्य.

आणखी एक गोष्ट आपल्या गावात बोलतोय म्हणून सांगतो. नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे, हे वाक्य बेळगावकराला कोर्झिब्स्कीने शिकवायची गरज नाही. माझ्या आजीने घर बदललं नाही, विहीर बदलली नाही, तरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्या वादात मी आज शिरत नाही. पण कागद एक सांगतो आणि आठवण दुसरं, अशा माणसाची गोष्ट मला दुसऱ्या वाचनात परकी का वाटली नाही, याचं एक कारण हेही असावं.

लांब, किचकट, न सुटणारं प्रत्येक पुस्तक पुरं करावं, असा माझा आग्रह नाही. माझ्या कपाटात अर्धवट सोडलेली बरीच आहेत, आणि त्यांतली काही सोडण्याच्याच लायकीची आहेत. आता सवय एवढीच, की सोडलेल्या पुस्तकात पानाची खूण ठेवतो, आणि का सोडलं ते एका ओळीत लिहून ठेवतो. दवाखान्यातही तसंच. पेशंट उठायला लागला, की विचारतो : “अजून काही सांगायचं राहिलं का?” बहुतेक जण नाही म्हणतात. काही जण परत बसतात.