परदेशप्रवास : पारपत्र आणि प्रवेश-अनुमती

परदेशी जाणाऱ्यास दोन अनुमती लागतात. पारपत्र स्वदेशाचे शासन देते. व्हिसा परका देश देतो. नागपूर येथे प्रादेशिक पारपत्र कार्यालय असल्याने पारपत्रासाठी विदर्भातील नागरिकांना मुंबई गाठावी लागत नाही.

युरोपातील २९ देशांत शेंगेन व्यवस्थेनुसार एकच अल्पमुदतीचा व्हिसा चालतो. ब्रिटन व आयर्लंड यांत समाविष्ट नाहीत. या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकाधिक ९० दिवस राहता येते. जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. पारपत्र गेल्या १० वर्षांत दिलेले, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि २ कोरी पाने असलेले हवे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक आहे. व्हिसा असूनही सीमेवरील अधिकारी प्रवासाचा हेतू, निवास व खर्चाची तरतूद विचारतात आणि समाधान न झाल्यास प्रवेश नाकारू शकतात.

साहजिकच नाव व जन्मतारीख सर्व कागदपत्रांत एकसारखी असावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पारपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य आहे. ग्रामपंचायतीतील जन्मनोंद वेळेवर व अचूक होणे म्हणूनच अगत्याचे आहे.