दिवे लागतात, पण सेल्फ उचलत नाही!

रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या बागेच्या बांधावर सकाळी गाडी भरली जात आहे, अशी कल्पना करा. घड रचून झाले, वर केळीची पाने अंथरली, दोर आवळला. चालक बसला आणि त्याने किल्ली फिरवली. 'टक्' असा एक आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा 'टक्'. गंमत अशी, की गाडीचे दिवे लख्ख लागतात, हॉर्नही खणखणीत वाजतो. मग बॅटरी उतरली आहे असे तरी कसे म्हणावे? भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो, "नाना, बॅटरी गेली, नवी टाका." दुसरा म्हणतो, "सेल्फच जळाला." कापलेली केळी मात्र कोणासाठी थांबत नाहीत, आणि खानदेशातले ऊनही थांबत नाही.

अशा वेळी बॅटरीचे झाकण काढून पाहावे. तिच्या दोन खांबांपैकी एकावर पांढरट-निळसर, फुललेल्या पिठासारखा थर दिसला, तर अपराधी बहुधा सापडला म्हणून समजा. हा थर काय असतो, तो गाडी कशी अडवतो, आणि ती केबल आपण स्वतः बदलावी की धुळ्या-जळगावच्या मिस्त्रीला पैसे द्यावेत, हे आज पाहू.

आधी बॅटरी. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांचा हा विद्युत्-संचायक गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केला. मोटारीच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट भरतो. दिवे, हॉर्न ही कामे बॅटरीच्या दृष्टीने किरकोळ. खरे कष्टाचे काम एकच, आणि ते म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणे. पूर्वी हे काम माणूस करीत असे. जुन्या जीपगाड्यांना पुढून लोखंडी हँडल मारताना तुमच्या आजोबांनी पाहिले असेल. हँडल उलट फिरून मनगट मोडल्याच्या कथाही त्यांना ठाऊक असतील. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारी सुरुवातीची मोटर बसवण्यात आली. हाच आपल्याकडच्या चालकांचा 'सेल्फ'.

सेल्फची भूक मोठी. पुढच्या दोन दिव्यांना मिळून जेमतेम १० ॲम्पिअर प्रवाह पुरतो. ट्रॅक्टरच्या किंवा डिझेल जीपच्या सेल्फला मात्र काही सेकंदांपुरता २०० ॲम्पिअर आणि त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. म्हणून तर बॅटरीपासून निघणारी केबल अंगठ्याएवढी जाड असते आणि दिव्याची तार दोऱ्यासारखी.

आता ओहमचा नियम आठवा. एखाद्या वाहकात दाब किती खर्ची पडतो, हे प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराने कळते. समजा, त्या पांढऱ्या थरामुळे खांब आणि केबलचे टोक यांच्यामध्ये ०.०१ ओहम इतका रोध निर्माण झाला. एका ओहमचा शंभरावा भाग! शाळेच्या प्रयोगशाळेत याकडे कोणी ढुंकून पाहणार नाही. दिव्यांच्या १० ॲम्पिअरसाठी येथे फक्त ०.१ व्होल्ट खर्च होतो. दिवा मंद झाल्याचे डोळ्यांना कळतही नाही. पण सेल्फने २०० ॲम्पिअर मागितले, की त्याच जागी २ व्होल्ट गडप होतात. शिवाय २०० गुणिले २ म्हणजे ४०० वॉट उष्णता त्या एवढ्याशा सांध्यात तयार होते. रोध ०.०५ ओहमवर गेला, तर हिशेबाने १० व्होल्ट तेथेच संपायला हवेत. सेल्फला उरते काय? प्रत्यक्षात अर्थात तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही. आतल्या स्विचचे लोखंड तेवढे ओढले जाते, 'टक्' होते, आणि मोटर जागची हलत नाही. दिवे लागतात म्हणून बॅटरीची सारी वाट चांगली आहे असे मानणे म्हणजे पायवाटेवरून माणूस गेला म्हणून तिथून मालगाडी जाईल असे मानण्यासारखे आहे.

हा थर येतो कुठून? बॅटरी भरली जात असताना, विशेषतः गरजेपेक्षा जास्त भरली जात असताना, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. ते फुटताना गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. खांबाच्या बुडाशी असलेल्या सांध्यातूनही आम्ल झिरपते. कोणी हौसेने पाणी काठोकाठ भरले असेल, तर तेही उसळून वर येते. शिशाचा आम्लाशी संयोग होऊन पांढरे लेड सल्फेट बनते. तांब्याची गोष्ट जरा निराळी. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला वाटेल, की तांबे विरल गंधकाम्लातून हायड्रोजन काढू शकत नाही, मग ते झिजते कसे? उत्तर हवेत आहे. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांबे, आम्ल आणि ऑक्सिजन मिळून कॉपर सल्फेट आणि पाणी तयार होते. कॉपर सल्फेट म्हणजे आपला मोरचूद! शेतकरी चुन्याबरोबर कालवून ज्याचे बोर्डो मिश्रण करतो, तोच मोरचूद बोनेटखाली आपोआप तयार होत असतो. तो निळा रंग त्याचाच.

यात खानदेशच्या हवेचा हातभार मोठा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंजिनाशेजारी तर त्याहून अधिक. रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले, की ढोबळमानाने दुपटीच्या वेगाने होतात. म्हणून मसुरीला वर्षानुवर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे लवकर थकते.

पण बाहेरचा थर ही अर्धीच गोष्ट आहे. केबल ही एकसंध सळई नसून शेकडो बारीक तारांचा जुडगा असतो. या तारांमधल्या फटी म्हणजे जणू केशनलिकाच. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे आम्ल प्लास्टिकच्या आवरणाखाली चढत जाते आणि आत तांबे खात बसते. बाहेरून केबल नवी दिसते. दाबून पाहिली तर टोकाशी फुगलेली, कडक किंवा कुरकुरीत लागते. अशी केबल घासून पुसून काही उपयोग नाही. ती बदललीच पाहिजे.

हे ओळखण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे, आणि ती करण्याआधी खिसा रिकामा करू नये असे मला वाटते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा, दुसरे त्याला आवळलेल्या टर्मिनलवर, आणि मोठ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. खांब आणि टर्मिनल एकमेकांना चिकटलेले असल्याने मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवे. ०.२ व्होल्टहून जास्त दिसले, तर सांधा बिघडला. मग खांबापासून सेल्फपर्यंतची सारी वाट अशीच मोजावी. तिच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब हरवू नये. अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याकडे आणि इंजिनाकडे जाणाऱ्या केबलला विसरू नका. पुष्कळ जण तिला विसरतात. ती तुटली तर प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि कधीकधी क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून जाऊन तीच तापवतो. आणि किल्ली फिरवताना बॅटरीच्या दोन खांबांमधलाच दाब ९ व्होल्टांच्या खाली कोसळत असेल, तर बिचाऱ्या केबलला दोष देऊ नये. तेव्हा बॅटरीच तपासावी.

आता मुख्य प्रश्न. स्वतः करावे की मिस्त्रीकडे जावे?

सफाई घरी जरूर करावी, घरातील मोठ्या माणसाबरोबर. आंगठी, कडे, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. जवळ बिडी-काडी नको, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. सांगाड्याला जोडलेली केबल, म्हणजे बहुतेक गाड्यांत ऋण खांबाची, आधी सोडवायची आणि सर्वांत शेवटी लावायची. का बरे? धन खांबाचा नट सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीची दोन्ही टोके पान्यातून जोडली जातात आणि शेकडो ॲम्पिअर वाहून पाना लालबुंद होतो. अर्थिंग आधीच सुटलेले असेल, तर मंडलच पुरे होत नाही. मग खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थरावर ओता. फसफस होते ती कार्बन डायऑक्साइडची. घटांची झाकणे मात्र घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर आतले आम्लही मारले जाईल. पाण्याने धुवा, पुसा, काचपेपरने खांब आणि टर्मिनल चकचकीत करा, आवळा, आणि नंतर वरून व्हॅसलीन लावा. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाही.

केबल बदलणे ही पुढची पायरी. ट्रॅक्टरची बॅटरी उघड्यावर, हात पोचेल अशी असते. तिथे दोन्ही टोकांना लग बसवून तयार आलेली, मूळच्याच जाडीची केबल लावणे कठीण नाही. जाडीबाबत काटकसर करू नये. २५ चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या केबलमध्ये २०० ॲम्पिअरला सुमारे ०.१४ व्होल्ट जातो. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ०.३४. दुकानात तार पात्याने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली, तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो.

लग मात्र घरी हातोडीने ठोकून बसवू नये. तो दाबयंत्राने असा दाबावा लागतो, की तारा आणि लग यांच्यात हवेलाही जागा राहू नये. ठोकलेल्या लगात फटी राहतात आणि सहा महिन्यांत मोरचूद पुन्हा हजर! या एका दाबाचे पैसे ऑटो इलेक्ट्रिकवाल्याला खुशाल द्यावेत. सेल्फकडचे टोक गाडीच्या खाली असेल, तर तेही त्याचेच काम. जॅकवर उचललेल्या गाडीखाली विद्यार्थ्याने शिरू नये. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत ऋण टर्मिनलवरच एक छोटा इलेक्ट्रॉनिक संवेदक बसवलेला असतो. तिथेही हात घालू नका. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. त्यामुळे रस्त्याच्या कडेला असे जाणते कारागीर शोधावे लागत नाहीत. त्यांची मजुरी केबलपुरती देण्यात नुकसान नाही. केबलचा दोष असताना नवी बॅटरी घेण्यात आहे. मीटरवरचा आकडा आधी स्वतः पाहिलेला असेल, तर मिस्त्रीशी बोलणेही सोपे जाते.

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग. वीतभर लांबीची बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. एक टोक बोटाच्या पेराएवढे सोला आणि चिमूटभर मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धे बुडेल असे उभे ठेवा. काही दिवसांनी हिरवट-निळा रंग दिसू लागेल. पंधरा दिवसांनी आवरण उभे चिरा आणि तो रंग द्रवाच्या पातळीच्या किती वर चढला आहे, हे पट्टीने मोजा. गाडीची काढलेली जुनी केबल मिळाली, तर हातमोजे घालून तीही अशीच चिरून पाहा आणि हिरवा रंग टोकापासून किती सेंटिमीटर आत गेला होता, ते वहीत टिपून ठेवा.