घरातली खोली, कंपनीची नोकरी आणि आयकराचा हिशेब



आयकर खाते आणि साखर कारखाने यांचे भांडण आपल्याला नवे नाही. किमान वैधानिक किमतीपेक्षा जास्त दर सभासदांना दिला, तर तो जादा दर हा ऊस खरेदीचा खर्च की नफ्याची वाटणी, एवढ्या एका प्रश्नावर सहकारी कारखान्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे कराच्या मागण्या लोंबकळत होत्या. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही जादा दरातला नफ्याचा भाग कोणता ते तपासून ठरवा, असे सांगून प्रकरणे खाली परत पाठवली. २०१६-१७ या आकारणी वर्षापासून पुढचा प्रश्न २०१५ च्या वित्त कायद्याने मिटवला होता. त्यामागच्या वर्षांची सुटका मात्र २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. ही सवलत सुमारे १० हजार कोटी रुपयांची असल्याचे तेव्हा अर्थमंत्र्यांनी सांगितले.

हे आठवण्याचे कारण असे, की ‘खर्च कशाला म्हणायचे’ हाच प्रश्न आता आपल्या उंबऱ्याच्या आत आला आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून कार्यक्षेत्रातल्या अनेक घरांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची नोकरी माडीवरच्या खोलीत बसून चालते. दिवसा कंपनीचे काम, संध्याकाळी स्वतःचा काही उद्योग. कुणी विम्याची एजन्सी घेतली आहे, कुणी दुकानदारांची कामे करतो. जुलै उजाडला की विचारणा सुरू होते. खोली वापरतो, वीज जळते, इंटरनेटचे बिल भरतो, मग हे करातून वजा होते का?

याचे उत्तर त्या माणसाच्या दोन कमाया वेगवेगळ्या धरल्याशिवाय देता येत नाही. खोली एकच असली तरी कायदा तिच्याकडे दोन नजरांनी पाहतो.

आधी नोकरी. पगाराच्या उत्पन्नातून घरच्या विजेचा, टेबल-खुर्चीचा, इंटरनेटचा एक पैसाही नोकरदाराला वजा करता येत नाही. त्याला ठोक प्रमाणित वजावट मिळते, ती २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ७५ हजार आणि जुन्या पद्धतीत ५० हजार रुपये. खरा खर्च त्याहून जास्त झाला तरी आकडा तोच. घरून काम करणाऱ्यांना वेगळी वजावट द्यावी अशी मागणी टाळेबंदीनंतरच्या अर्थसंकल्पांच्या वेळी झाली होती, ती मान्य झाली नाही. कंपनीने स्वतः लॅपटॉप वापरायला दिला किंवा टेलिफोन-मोबाईलचे बिल भरले, तर त्यावर कर बसत नाही. म्हणून मागायचे तर कंपनीकडे मागावे, आयकर खात्याकडे नव्हे.

मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांवरही विसंबू नये. विलायतेत असलेली मुले लिहितात, की इकडे घरून काम केल्याची सवलत मिळते, तुम्हीही मागा. तिथे घरून काम करणे भाग असलेल्या नोकरदाराला एप्रिल २०२० पासून आठवड्याला ६ पौंडांची वजावट होती, हे खरे. पण ६ एप्रिल २०२६ पासून ती बंद करण्याचे तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. स्वतःचा धंदा करणाऱ्याला तिथे घरी केलेल्या कामाच्या तासांप्रमाणे महिन्याला १० ते २६ पौंड ठोक धरता येतात, तो नियम वेगळा. त्यांचे त्यांना, आपले आपल्याला.

आता धंदा. इथे कायद्याचा हात बराच सैल आहे. धंद्यासाठी, आणि केवळ धंद्यासाठी, झालेला खर्च वजा होतो. घराचा काही भाग धंद्याला वापरला तर घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती, वीज यांचा वाजवी वाटा धरता येतो. नवी खोलीच बांधली तर तो भांडवली खर्च, तो एकदम वजा होत नाही, त्यावर दरवर्षी घसारा मिळतो. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकावा. नव्या करपद्धतीत सगळ्या वजावटी गेल्या असे लोक म्हणतात. गेल्या त्या विमा हप्ता, भविष्य निर्वाह निधी वगैरे गुंतवणुकीच्या. धंद्याचा खर्च दोन्ही पद्धतींत तसाच वजा होतो.

मात्र बहुतेक लहान धंदेवाल्यांना हा खर्चाचा कुटाणा करण्याची गरजच नाही. २ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यास जमेच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के, एवढा नफा अंदाजाने दाखवून मोकळे होता येते. वकील, डॉक्टर, अभियंता अशा ठरावीक व्यवसायांना ५० लाखांच्या जमेपर्यंत निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते. पण हा रस्ता धरला की सगळा खर्च त्यातच आला. वर पुन्हा खोलीची वीज मागायची नाही. बिले न सांभाळणाऱ्याला हाच मार्ग बरा, असे आमचे मत आहे.

कमिशनवर काम करणाऱ्याला मात्र हा अंदाजाचा मार्ग बंद आहे. विमा एजंट त्यातच येतो. त्याला खरा खर्च दाखवावा लागतो, आणि तिथे वहीची किंमत कळते.

समजा, एका तरुणाचा पगार वर्षाला १०,७५,००० रुपये आहे. प्रमाणित वजावट जाऊन उरले १०,००,०००. विम्याचे कमिशन २,८०,०००. खर्च दाखवलाच नाही तर एकूण उत्पन्न १२,८०,०००. नव्या पद्धतीने २०२५-२६ चा कर ७२,००० आणि उपकर २,८८० मिळून ७४,८८० रुपये झाला. आता त्याची वही उघडू. गिऱ्हाइकांकडे फिरण्याचे पेट्रोल ३६,०००. फोन-इंटरनेटचा एजन्सीपुरता वाटा ६,०००. स्टेशनरी, डायऱ्या, टपाल १४,०००. मे महिन्यात एजन्सीसाठीच घेतलेला ५० हजारांचा संगणक, त्यावर ४० टक्के घसारा २०,००० (हाच दिवाळीला घेतला असता तर वापर १८० दिवसांच्या आत म्हणून निम्मा घसारा). ८० हजारांची मोटारसायकल, तिचा १५ टक्के घसारा १२,०००, पण ती घरकामालाही फिरते म्हणून त्यातले ६,०००.

राहिली खोली. घर त्याच्याच नावावर, बाराशे चौरस फुटांचे, खोली एकशेवीसची, म्हणजे दहावा हिस्सा. घरपट्टी, रंगरंगोटी आणि वीज मिळून वर्षाचे ५४,०००, त्याचा दहावा हिस्सा ५,४००. पण त्याच खोलीत दिवसभर कंपनीची नोकरीही चालते, आणि नोकरीपायी झालेला खर्च कुठेच वजा होत नाही. म्हणून निम्मे धरले, २,७००. ज्या खोलीवरून एवढी चर्चा, तिचा वाटा तो एवढा! लोक खोलीसाठी भांडतात आणि पेट्रोलच्या पावत्या खिशातच धुऊन टाकतात.

बेरीज ८४,७००. कमिशनचे उत्पन्न राहिले १,९५,३००, एकूण ११,९५,३००. बारा लाखांच्या आत आल्यामुळे करमाफी लागू झाली आणि कर शून्य. पाऊण लाख रुपये वाचले, तेही एकही खोटा आकडा न लिहिता.

या उदाहरणात ऊस वडिलांच्या नावावर आहे असे धरले आहे. तुमच्या स्वतःच्या नावावर ऊस बिल येत असेल तर गणित बदलते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही हे बरोबर, पण ते ५ हजारांच्या वर असले की कराचा दर काढताना बेरजेत येते. आणि करमाफीची मर्यादा ६० हजार असल्यामुळे वरचा कर भरावा लागू शकतो.

वडिलांच्या घरातली खोली भाड्याने घेऊन धंदा केला तर ते भाडे खर्चात धरता येते. पण करार हवा, भाडे खरोखर बँकेतून दिलेले हवे, आणि ते वडिलांच्या उत्पन्नात दिसायला हवे. स्वतःच्या घराचे भाडे स्वतःलाच देता येत नाही. जुन्या पद्धतीत ज्या भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट घेतली, तेच भाडे पुन्हा धंद्यात लावले तर एक रुपया दोनदा मोजल्यासारखे झाले. नोकरी आणि धंदा दोन्ही असणाऱ्याची खरी घसरगुंडी इथेच असते. धंद्यात तोटा आला तर तो पगारातून वजा होत नाही, हेही विसरू नये.

फॉर्म चुकवू नका. पगारासोबत धंद्याचे उत्पन्न असेल तर ‘सहज’ फॉर्म चालत नाही. अंदाजाने नफा दाखवणाऱ्यास ‘सुगम’, खरा खर्च दाखवणाऱ्यास तीन नंबरचा. कंपनीचा फॉर्म सोळा घेऊन ‘सहज’ भरून टाकला तरी विमा कंपनीने कापलेला कर आयकर खात्याकडे नोंदलेला असतो, आणि मग नोटीस घरी येते. नुसत्या नोकरदाराला जुनी-नवी पद्धत दरवर्षी बदलता येते. धंदा असणाऱ्याने २०२५-२६ साठी जुनी पद्धत घ्यायची तर मुदतीत १०-आयईए हा वेगळा फॉर्म भरावा लागतो. पुढे एकदा नव्या पद्धतीत परत गेला की, धंदा आहे तोवर, जुनीकडे पुन्हा येता येत नाही.

संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेला नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे. २०२५-२६ चे उत्पन्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच मोजायचे आहे.

परतावा मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारे लोक गावोगाव हिंडतात. खोट्या वजावटींबद्दल आयकर खात्याने १४ जुलै २०२५ रोजी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. उत्पन्न खोटे दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो, आणि तो एजंटाला नव्हे, सही करणाऱ्याला भरावा लागतो. सरकारी नोकर व शिक्षक यांनी तर धंदा सुरू करण्याआधीच सेवानियम पाहून घ्यावेत.

वहीसाठी शंभर पानी वही पुरते. तारीख, कशासाठी, किती, आणि पावती मागे टाचलेली. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिलेला खर्च धरला जात नाही, तो बँकेतून द्यावा. ही वही आणि पावत्या आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपून ठेवाव्यात.